वजनकाट्यावरून बंदरात

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका स्टील कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी सारी नोकरी झाली. भरलेला ट्रेलर काट्यावर घ्यायचा, वजन नोंदवायचं, माल उतरवून तो परत आला की रिकाम्याचं वजन घ्यायचं आणि वजाबाकी पावतीवर लिहायची. कंटेनर असला की आधी दारावरचा नंबर कागदाशी ताडून पाहायचा, चार अक्षरं आणि सात आकडे. मग सील शाबूत आहे का ते बघायचं आणि नंतरच दार उघडू द्यायचं. आत भंगार असायचं : दाबून बांधलेल्या पत्र्याचे गठ्ठे, पाइपांचे तुकडे, जुन्या यंत्रांचे सुटे भाग. हे सगळं भट्टीत सोळाशे अंशांच्या आसपास वितळतं, त्याचे बिलेट पडतात आणि बिलेट रोलिंग मिलमधून बाहेर आले की सळई तयार होते. जालन्याची सळई आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये आहे.

कागदांवर परदेशी बंदरांची नावं असत. जेबेल अली, फेलिक्स्टो, डर्बन. वाचून वाचून ती मला पाठ झाली होती. माल कुठे उतरला त्या रकान्यात मात्र बहुतेक वेळा एकच नाव असायचं, न्हावा-शेवा. ते बंदर मी कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर लोक सांगत तेवढंच माहीत. ट्रेलरांच्या रांगा, गेटवर काढलेली रात्र, पावसाळ्यातला चिखल. समुद्राबद्दल त्यांच्यापैकी कुणी बोलत नसे, कारण त्यांनाही तो आतून दिसत नसे.

आमच्या जिल्ह्यात पाण्याची गोष्ट वेगळी. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, तोही लहरी. कुंडलिका शहरातून वाहते म्हणायचं, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाहतं पाणी नसतं. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावानं शहराला अनेक पिढ्या पाजलं, आता जायकवाडीहून पाइपलाइन येते. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या आणि लोकांनी खोडं सरपणाला तोडली. नळाला पाणी कधी येणार यावर त्या दिवसांत घरातली कामं ठरत. अशा गावातल्या माणसाला चहूकडे पाणीच पाणी म्हणजे काय, हे सांगून कळत नाही.

मुलगी लग्न होऊन उरणला गेली. जावईबापू न्हावा-शेव्याच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. गेल्या हिवाळ्यात मी आणि मंडळी तिच्याकडे निघालो. आता उरणला लोकल जाते, अटल सेतूवरून मोटारीनंही झटकन पोचता येतं. पण मी मुलीला फोनवर सांगितलं, आम्ही लाँचनं येणार. ज्या पाण्यावरून माझ्या काट्यावरचा माल आला ते पाणी मला पाहायचं होतं.

देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरलो आणि टॅक्सीनं भाऊच्या धक्क्यावर गेलो. हा धक्का एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणत, म्हणून तो भाऊचा धक्का. एका बाजूला मासळीचा बाजार, बर्फाच्या लाद्या, पाट्या डोक्यावर घेतलेल्या बाया, रात्रभर समुद्रावर काढून आलेल्या ट्रॉलरांची दाटी. दुसऱ्या बाजूला रेवस आणि उरणजवळच्या मोऱ्याच्या लाँचचं तिकीट. आमच्याबरोबर चढलेले बहुतेक लोक रोजचे होते. कामाची पाळी संपवून घरी निघालेले, मुंबईतून सामान घेऊन चाललेले दुकानदार, सायकल वर चढवणारा एक पोरगा. कुणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं. जालन्याहून अंबडला जाणाऱ्या एसटीत बसावं तसे ते बसले होते.

मंडळी घाबरल्या होत्या, आणि ती भीती खोटी नव्हती. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, रामदास बोट रेवसला निघाली आणि वाटेत कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणासाठी घरी निघालेली माणसं. कोकणातल्या घरांमध्ये आजही त्या बोटीची आठवण निघते. आणि १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची चाचणीवरची वेगवान बोट आदळली, त्यात पंधरा जणांचा जीव गेला. ती दृश्यं आम्ही टीव्हीवर पाहिली होती. मंडळींनी लाँचवर पाय ठेवताच लाइफ जाकीट मागितलं. खलाशानं दिलं आणि पट्टे कसे आवळायचे ते स्वतः बांधून दाखवलं. मीही घातलं.

लाँच चालवणारा तांडेल साठीकडे झुकलेला, उरणचाच कोळी. सुकाणूशेजारी उभं राहू दे म्हटल्यावर आधी त्यानं निरखून पाहिलं.

“कुठले काका तुम्ही?”

“जालन्याचे.”

“जालना? तिकडं तर पानी नाय म्हनतात.”

“म्हणूनच आलो पाहायला.”

तो हसला आणि बाजूला सरकून त्यानं जागा दिली.

डिझेल इंजिनाचा धडधडाट सुरू झाला आणि लाँच धक्क्यापासून सुटली. धक्क्याला लागूनच माझगाव डॉक. नौदलाच्या विनाशिका आणि पाणबुड्या इथे बांधल्या जातात. उंच क्रेनांच्या मधून करड्या रंगाचं एक जहाज अर्धवट दिसत होतं. त्याच्या पलीकडे दारूखाना. तांडेलानं बोट करून दाखवला तेव्हा मी दचकलो, कारण हे नावही माझ्या ओळखीचं. जुनी जहाजं फोडायची ती जागा. तिथल्या लोखंडाचे ट्रक आमच्या काट्यावरही येत. जाड पत्रे, कडा गॅसकटरनं कापलेल्या, त्यावर रंगाचे अनेक थर चढलेले. १९७१च्या युद्धात पूर्वेच्या समुद्रावर लढलेली आपली विक्रांत २०१४ साली याच दारूखान्यात फोडायला घेतली. एकाच किनाऱ्यावर हाकेच्या अंतरावर नवं जहाज जन्माला येतं आणि जुनं मोडलं जातं, हे पाण्यावरूनच नीट दिसतं. रस्त्यानं गेलं तर दोन्हीकडे फक्त उंच भिंती दिसतात.

थोडं पुढे गेल्यावर शहर मागे पडलं आणि बंदर उघडं झालं. मला वाटलं होतं समुद्र म्हणजे मोकळा. इथे तर मोंढ्यासारखी वर्दळ. नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं, त्यांना पाणी आणि डिझेल पोचवणाऱ्या बार्जेस, मोठ्या जहाजांना ओढणारे टग, कोळ्यांच्या होड्या, जाळी लावलेल्या ठिकाणी तरंगणारे डबे आणि काठीला बांधलेली काळी फडकी. उत्तरेला शिवडीहून निघालेला अटल सेतू क्षितिजावर लांबच लांब. एकूण जवळजवळ २२ किलोमीटर, त्यातला साडेसोळा समुद्रावर. १२ जानेवारी २०२४ला तो सुरू झाला. तांडेल म्हणाला, त्यानंतर लाँचची माणसं कमी झाली. तक्रारीचा सूर नव्हता, पण पुढची पिढी या धंद्यात राहील का, असं मी विचारलं तेव्हा त्यानं उत्तर दिलं नाही.

डाव्या अंगाला जवाहर द्वीप आलं. जुन्या लोकांचं बुचर बेट. त्यावर तेलाच्या टाक्या, धक्क्याला टँकर लागलेला. इथे उतरलेलं कच्चं तेल समुद्राखालच्या नळांतून माहुलच्या रिफायनऱ्यांना जातं. २०१७च्या ऑक्टोबरात वीज पडून इथली एक टाकी पेटली आणि काही दिवस जळत राहिली. त्याच्या मागे घारापुरीचे दोन डोंगर. लेणी युनेस्कोच्या यादीत १९८७ पासून आहेत, पण बेटावरच्या गावांत वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. समोर मुंबई रात्रभर उजळलेली दिसायची आणि यांच्या घरात अंधार. हे ऐकून मला आमच्या भोकरदन-जाफराबादच्या वस्त्या आठवल्या. मोठ्या शहराच्या जवळ असणं म्हणजे सोयी मिळणं, असा माझा समज होता. तो खरा नाही.

पाण्यात लाल आणि हिरवे बोये दिसू लागले. तांडेल म्हणाला, “काका, हा मोठ्या जहाजांचा रस्ता.” बंदरात शिरणाऱ्या जहाजानं लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. या दोन रांगांमधला गाळ उपसून पाणी खोल ठेवलेलं असतं. बाहेर उथळ. म्हणून मोठ्या जहाजाला वाट सोडता येत नाही, सोडली तर ते रुततं. लहान लाँचला मात्र कुठूनही जाता येतं, त्यामुळे थांबायचं ते लहानानं. शिवाय उजव्या हाताला दिसणाऱ्या बोटीला वाट द्यायची, हा समुद्रावरचा सर्वसाधारण नियमच आहे.

आणि उजव्या हाताला ते आलं.

आधी फक्त एक उंच काळी भिंत वाटली. मग तिच्यावर रचलेले कंटेनर दिसले, लाल, निळे, हिरवे, कडब्याच्या गंजीसारखे थरावर थर. तीनशे मीटरांहून लांब जहाज, पुढे-मागे टग. तांडेलानं इंजिन मंद केलं आणि लाँच बोयांच्या बाहेरच धरून ठेवली. तो सांगत होता आणि मी ऐकत होतो. एवढं भरलेलं जहाज इंजिन बंद केलं तरी कित्येक किलोमीटर जातं. वरून कप्तानाला नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या टोकाच्या, पुढचं बरंच पाणी दिसतच नाही. तिथे होडी आली तर त्याला ती कळणारही नाही. बंदराचा पायलट वर असतो, तो दोराच्या शिडीनं चालत्या जहाजावर चढतो आणि इथली वाट तोच दाखवतो. जहाजानं भोंग्याचा एक छोटा ठोका दिला तर ते उजवीकडे वळतंय, दोन दिले तर डावीकडे. पाच छोटे ठोके म्हणजे, तुझा विचार मला कळत नाही, सांभाळ.

जहाज समोरून गेलं तेव्हा मला दुसरं काही सुचेना. मी कंटेनरांवरचे नंबर वाचायचा प्रयत्न करत होतो. चार अक्षरं, सात आकडे. अंतरामुळे ते लागत नव्हते, पण कंपन्यांची नावं आणि रंग ओळखीचे होते. असे कितीतरी कंटेनर माझ्या काट्यावर उभे राहिले होते आणि प्रत्येकाची मी किलोपर्यंत नोंद केली होती. ते इथून, या दोन बोयांमधून आले होते, आणि त्यांना सुखरूप आत आणायला पायलट, टगवाले, गाळ काढणारे, बोये सांभाळणारे अशी किती माणसं राबली होती. माझ्या पावतीवर त्यांच्यापैकी कुणाचीच सही नव्हती.

जहाज गेल्यावर त्यानं फोडलेलं पाणी आमच्याकडे आलं. तांडेलानं सुकाणू फिरवून नाळ लाटांकडे तिरकी धरली. लाट कुशीवर घेतली तर लाँच डोलून माणसं एका बाजूला पडतात. “उठू नका, बसा जागेवर,” खलाशी ओरडला. लाँच वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि मग जहाजाच्या मागून आम्ही रस्ता ओलांडला. मंडळींनी डोळे मिटून घेतले होते. उघडल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, “एवढं पाणी, आणि पिता येत नाही ना यातलं?” तांडेलाची नजर पाण्यावरून ढळली नाही, पण तो हळूच म्हणाला, “नाय ना ताई. उरनातबी उन्हाळ्यात टँकर येतात.”

न्हावा-शेव्याच्या क्रेना समोर आल्या. २६ मे १९८९ पासून चालू असलेलं हे बंदर आज देशात कंटेनरांच्या बाबतीत पहिल्या रांगेत आहे. वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर तिथून जातात-येतात, वीस फुटी मापानं मोजले तर. क्रेन एक कंटेनर उचलायची, ट्रेलरवर ठेवायची, पुन्हा वळायची. लाँचवरून ते अगदी सावकाश वाटत होतं. मोऱ्याला मात्र आम्हाला थोडं थांबावं लागलं. ओहोटी होती. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढतं आणि उतरतं, आणि मोऱ्याच्या जेट्टीपाशी गाळ साचतो. पाणी फार उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही, फेऱ्याही बंद ठेवाव्या लागतात. रोजचे लोक भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच घरातून निघतात. पंचांग आमच्याकडे पेरणीला लागतं, इथे नोकरीला.

मुलीच्या घरी दुपारी जेवण झाल्यावर शेजारचे एक वयस्क शेतकरी आले. मी जालन्याच्या स्टीलमध्ये होतो हे कळल्यावर ते म्हणाले, “म्हणजे तुमचा माल आमच्या शेतांवरून जातो.” बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी या भागातल्या लोकांच्या भातशेती आणि मिठागरं गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली आंदोलन झालं आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं धोरण निघालं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. मी मात्र अस्वस्थ झालो. इतकी वर्षं कागदावर ‘न्हावा-शेवा’ लिहिताना मला ते फक्त बंदराचं नाव वाटत होतं. ती न्हावा आणि शेवा ही दोन गावं आहेत, तिथे माणसं राहतात.

संध्याकाळी जावईबापूंनी मालाचा पुढचा प्रवास समजावून सांगितला. जहाजावरून उतरलेला कंटेनर यार्डात जातो, सीमाशुल्काची तपासणी होते, भंगार असेल तर किरणोत्सर्गी काही नाही ना हेही पाहिलं जातं, मग शुल्क भरून ट्रेलर सुटतो. पूर्वी तो कसाऱ्याच्या घाटानं रखडत यायचा. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आहे, त्यामुळे तो घाट टळतो. माल वाटेत अडण्याच्या या गोष्टीवरून मला २०१०चा ऑगस्ट आठवला. ७ तारखेला मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजं एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, आणि काही दिवस जहाजांची ये-जा बंद राहिली. त्या दिवसांत आमचा काटा रिकामा होता. हमाल झाडाखाली बसून होते, रोजंदारीवरच्यांची मजुरी बुडत होती. समुद्रापासून चारशे किलोमीटरवर. तेव्हा आम्हाला ते दूरचं संकट वाटलं. ते आमच्या चुलीपर्यंत आलेलं संकट होतं.

जालन्याजवळ दरेगाव शिवारात न्हावा-शेवा बंदराच्याच वतीनं कोरडं बंदर उभं राहतं आहे. त्याची कोनशिला २०१५च्या अखेरीस बसली. कंटेनर थेट रेल्वेनं तिथे यावेत आणि आमची सळई, बियाणं, मोसंबी तिथूनच बाहेर जावी, हा हेतू. ते पूर्ण क्षमतेनं चालू होईल तेव्हा आमच्या तरुणांना बंदरातली कामं इथेच मिळतील. पण ज्यानं खरं बंदर पाहिलं नाही, त्याला कोरड्या बंदरात नक्की कशाची घाई असते, ओहोटी चुकली किंवा पायलट मिळाला नाही तर पुढे कुणाचं काय अडतं, हे कसं कळावं?

म्हणून माझं जालना जिल्ह्यातल्या शाळांना, आयटीआयना आणि पालकांना एवढंच सांगणं आहे. मुलांची सहल मुंबईला नेता तेव्हा गेटवेसमोर फोटो काढून परत फिरू नका. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यापर्यंत लाँचनं न्या. तिकीट परवडणारं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि मोऱ्याची चालू असली तरी वादळाचा इशारा आला की थांबते. निघण्याआधी ओहोटीची वेळ विचारून घ्या. जाकीट मांडीवर ठेवू नका, अंगात घालून पट्टे आवळा. लाँच भरलेली वाटली तर पुढची घ्या, तांडेलाशी घाईसाठी हुज्जत घालू नका. आणि मुलांना सांगा, आपल्या घराच्या स्लॅबमधली सळईसाठी लागलेलं लोखंड बऱ्याचदा याच पाण्यावरून आलं आहे.